सेकंडहँड सिलिंड्रिकल ग्राइंडर घेताय? रंग नंतर बघा, आधी स्पिंडल आणि बेड बघा

भोसरी, शिरोली, वाळूज, अंबड... महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत फिरलात तर एकाच धाटणीची छोटी वर्कशॉप दिसतात. दोन-तीन लेथ, एखादं मिलिंग, जमलंच तर एक सीएनसी. काम शाफ्ट, पिन आणि बुशचं. लेथवरचं काम वेळेत होतं, पण नंतर तो माल टेम्पोत घालून ग्राइंडिंगवाल्याकडे पाठवावा लागतो. तिकडे रांग असते. माल चार दिवसांनी परत येतो आणि त्यातले काही तुकडे साइजमधून गेलेले निघाले, तर चूक लेथवाल्याची की ग्राइंडिंगवाल्याची यावर वाद सुरू होतो.

मग मालक म्हणतो, आपलंच एक ग्राइंडर टाकू. नवं परवडत नाही, म्हणून जुनं शोधायचं. इथपर्यंत हिशोब सरळ असतो. पुढे मात्र बरेच जण लेथ घेतल्यासारखं ग्राइंडर घेतात: नाव बघतात, रंग बघतात, मोटर फिरवून बघतात आणि टोकन देऊन मोकळे होतात.

लेथ आणि ग्राइंडरमध्ये एक मोठा फरक आहे. लेथ थोडं झिजलेलं असेल तर पुढे ग्राइंडिंगमध्ये सावरून घेता येतं. ग्राइंडरच्या पुढे बहुतेक वेळा दुसरं मशीनच नसतं. तिथे जी साइज आली, ती थेट ग्राहकाच्या मायक्रोमीटरखाली जाते.

नेमकी किती बारीक साइज?

२५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायचं आहे आणि ड्रॉइंगवर के६ लिहिलंय. म्हणजे तो व्यास २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटरच्या मध्येच हवा. खेळायला जागा १३ मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या १३ मायक्रॉनमध्येच गोलाई, टेपर, ऑपरेटरचा हात आणि दुपारचं ऊन हे सगळं बसवायचं असतं.

ऊन हा विनोद नाही. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब घासताना १० अंशांनी तापला, तर तो ६ मायक्रॉननी फुगलेला असतो. गरम असताना साइज बरोबर आली आणि सकाळी मोजली तर कमी भरली, हा अनुभव ग्राइंडिंगमध्ये नवा नाही.

एवढी अचूकता मशीन आणतं कुठून? जॉब दोन सेंटरमध्ये धरलेला असतो आणि ही सेंटर फिरत नाहीत. त्यांना डेड सेंटर म्हणतात. लेथमध्ये स्पिंडलच्या बेअरिंगचा दोष जॉबवर उतरतो. इथे जॉब स्थिर टोकांवर फिरतो, त्यामुळे वर्कहेडचं बेअरिंग थोडं सैल असलं तरी गोलाईला धक्का लागत नाही. व्हील वेगात फिरतं, जॉब त्यामानाने सावकाश फिरतो, टेबल डावी-उजवीकडे जातं आणि व्हीलहेड काही मायक्रॉननी पुढे सरकतं. अमेरिकेतल्या ब्राउन अँड शार्प कंपनीचं युनिव्हर्सल ग्राइंडर १८७६ सालचं आहे. तेव्हापासून या यंत्राची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही, आणि जुनं ग्राइंडर आजही उपयोगी पडतं ते त्यामुळेच.

मशीनच्या आधी स्वतःचं काम मोजा

समजा महिन्याला ४०० शाफ्ट आहेत, प्रत्येकावर दोन बेअरिंग सीट, आणि लावणं, घासणं, मोजणं धरून एका सीटला पाच मिनिटं. ४०० गुणिले २ गुणिले ५ म्हणजे ४,००० मिनिटं, साधारण ६७ तास. एका शिफ्टचा महिना २५ दिवसांचा आणि दिवस आठ तासांचा धरला तर २०० तास होतात. म्हणजे मशीन दोन तृतीयांश वेळ बसून राहणार. तेवढं बाहेरचं काम मिळणार असेल, किंवा चार दिवसांची रांग टळल्याने मोठी ऑर्डर हाताशी येणार असेल, तर घ्या. नाहीतर रांगेत उभं राहणं स्वस्त पडतं. शिवाय ग्राइंडिंगचा चांगला ऑपरेटर पटकन मिळत नाही, तो कोण असणार हे आधीच ठरलेलं हवं.

मग मापं. सर्वात लांब जॉब किती, सर्वात जाड किती, वजन किती. दोन सेंटरमधलं अंतर आणि सेंटरची उंची त्यावरून ठरते. इथे ‘असू दे मोठंच’ हा मोह आवरा. दीड मीटरच्या मशीनवर दीडशे मिलिमीटरची पिन घासता येते, पण जागा, तेल, वीज आणि व्हील सगळं मोठ्या मापाचं लागतं.

दुसरा प्रश्न प्लेन की युनिव्हर्सल. युनिव्हर्सलमध्ये व्हीलहेड आणि वर्कहेड दोन्ही कोनात फिरतात, बहुतेकदा आतून घासायची अटॅचमेंटही असते. रोज वेगळं काम येणाऱ्या जॉबवर्कवाल्याला तेच सोयीचं. एकाच प्रकारचे शाफ्ट हजारोंनी काढायचे असतील तर प्लेन मशीन जास्त दणकट. त्यात वळणारे सांधे कमी असतात.

कुठल्या कंपनीचं?

बाजारात एचएमटीची जी-१७ आणि के-१३० ही मॉडेल्स वारंवार दिसतात. मनगटी घड्याळामुळे घराघरांत पोहोचलेली ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये सुरू झाली होती ती मशीन टूल बनवण्यासाठी, घड्याळं नंतर आली. शिवाय परिशुद्ध आणि मायक्रोमॅटिक ही देशी नावं आहेत. परदेशीत इंग्लंडची जोन्स अँड शिपमन, स्वित्झर्लंडची स्टूडर, चेक टॉस आणि जपानी टोयोडा.

नाव महत्त्वाचं आहे, पण सुट्या भागांपुरतं. ज्या मशीनचे मेकॅनिक आणि पार्ट तुमच्या शहरात आहेत, ते साधं मशीन दुर्मिळ स्विस मशीनपेक्षा छोट्या वर्कशॉपला बरं. जुन्या इंग्लिश मशीनवर डायल इंचात असू शकतं. तिथे एका इंचाचा दहा हजारावा भाग म्हणजे २.५४ मायक्रॉन. सवय होते, पण ऑपरेटरला आधी विचारा. आणि चांगल्या नावाचं मशीन वीस वर्षं कोरड्या बेडवर चाललं असेल, तर ते नाव फक्त प्लेटवर उरलेलं असतं.

स्पिंडल: मशीनचा जीव

ग्राइंडरच्या व्हील स्पिंडलचे ढोबळमानाने दोन प्रकार येतात. एकात बॉल किंवा रोलर बेअरिंग असतात. ती खराब झाली तर खर्च होतो, पण नवी मिळतात. दुसऱ्यात स्पिंडल तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. धातू धातूला लागतच नाही, म्हणून नीट ठेवलेला असा स्पिंडल अनेक वर्षं टिकतो. पण एकदा तेलाविना फिरला की पृष्ठभाग ओरबाडले जातात, आणि ते दुरुस्त करणारे कारागीर मोजके आहेत.

म्हणून पहिला प्रश्न तेलाचा. अशा स्पिंडलला पाण्यासारखं पातळ तेल लागतं. कुणी सोय म्हणून हायड्रॉलिकचं जाड तेल ओतलं असेल तर स्पिंडल तापतो. काच असेल तर तेलाचा रंग बघा. काळं पडलं असेल किंवा पितळेसारखी चमक तरंगत असेल, तर आत काहीतरी घासलं गेलंय. मशीन सुरू करताना विक्रेता आधी तेलाचा पंप लावतो की थेट स्पिंडल, हेही बघा. त्यावरून त्या मशीनचं मागचं आयुष्य कसं गेलं असेल याचा अंदाज येतो.

बंद मशीनच्या स्पिंडलला डायल लावून लाकडी दांड्याने उचलायची एक पद्धत आहे. तेलावर तरंगणाऱ्या स्पिंडलमध्ये थांबलेला असताना थोडी हालचाल दिसणं साहजिक आहे, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. खरी परीक्षा फिरताना. किमान तासभर चालू ठेवा. बेअरिंगच्या जागेवर हाताचा पंजा ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नको. मग स्विच बंद करून कान द्या. चांगला स्पिंडल हळूहळू, आवाज न करता थांबतो. मध्येच ब्रेक लागल्यासारखा थांबला तर आत काहीतरी अडतंय.

बेड: उंचीची झीज माफ, बाजूची नाही

टेबल ज्या घसरपट्ट्यांवर धावतं, त्यात सहसा एक व्ही आकाराची आणि एक सपाट असते. छोटे जॉब नेहमी मधोमध घासले जातात, त्यामुळे झीज मध्ये जास्त होते. टेबल एका टोकाला नेऊन उघड्या पट्ट्या बघा, बोट फिरवा. उभे ओरखडे आणि खाचा हाताला लागतात. स्क्रॅपिंगच्या जुन्या खुणा टोकांना दिसतात आणि मध्ये गायब असतात का, तेही बघा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टेबल मध्ये २० मायक्रॉन खाली गेलं, तरी जॉबच्या व्यासावर जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण व्हील जॉबला बाजूने लागतं, वरून नाही. पण टेबल ५ मायक्रॉन आडवं, म्हणजे व्हीलच्या दिशेने सरकलं, तर व्यासात १० मायक्रॉनचा फरक पडतो. त्यामुळे पट्टी किती झिजली यापेक्षा ती कुठल्या बाजूला झिजली हे महत्त्वाचं. ते डोळ्यांना दिसत नाही, तुकडा घासूनच कळतं.

हातच्या कंकणाला आरसा कशाला

मशीन बघायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. ५० मिलिमीटर व्यासाचे, ३०० मिलिमीटर लांबीचे दोन-तीन रॉड सोबत न्या. दोन्ही टोकांची सेंटर होल स्वच्छ आणि नीट ६० अंशांची हवीत. सेंटर होल खराब असेल तर जगातलं सर्वोत्तम मशीनही गोल जॉब देणार नाही. एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक बेससह डायल गेजही तुमचाच न्या. बारीक रॉड नेऊ नका, तो व्हीलच्या दाबाने वाकतो आणि दोष मशीनवर जातो.

व्हील डायमंडने ड्रेस करून रॉड पूर्ण लांबीत घासा. शेवटी फीड न देता ठिणग्या जवळजवळ थांबेपर्यंत टेबल चालू ठेवा. रॉड थंड होऊ द्या आणि पाच ठिकाणी मोजा.

एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक आणि मधलं माप बरोबर दोघांच्या दरम्यान, असं आलं तर घाबरायचं कारण नाही. तो सरळ टेपर आहे, टेबलचा कोन फिरवून काढता येतो. तिथेच काढून दाखवायला सांगा. पण टेपर काढूनही मधला व्यास दोन्ही टोकांपेक्षा वेगळा राहिला, तर ती बेडची आडवी झीज असू शकते. आधी लेव्हल तपासा, कारण बेड पिळवटला असेल तरी असंच दिसतं. लेव्हल बरोबर असूनही ३०० मिलिमीटरमध्ये १० मायक्रॉनची पोकळी येत असेल, तर बेअरिंग सीटच्या कामासाठी हे मशीन नाही. दोन-तीन मायक्रॉन येत असेल तर जुन्या मशीनच्या मानाने खूप चांगलं.

आता गोलाई. मायक्रोमीटर दोन समोरासमोरच्या बिंदूंवर मोजतो, त्यामुळे तीन कोपऱ्यांचा किंचित त्रिकोणी जॉबही त्याला गोल वाटू शकतो. म्हणून रॉड सेंटरमध्येच ठेवून डायल लावा आणि हाताने सावकाश फिरवा.

पृष्ठभागही बरंच सांगतो. उजेडात तिरपा धरल्यावर एकसारख्या अंतरावर बारीक पट्ट्या दिसल्या तर कंपन आहे. ते न बॅलन्स केलेल्या व्हीलमुळे असेल, बेल्टमुळे असेल, किंवा स्पिंडलमुळे. व्हील आणि बेल्ट हे स्वस्तातले संशयित आहेत, म्हणून आधी ते तपासा. तपकिरी-निळसर जळाल्याचे डाग मात्र बहुतेक वेळा मशीनचे नसतात. व्हील बोथट झालंय, फार कडक आहे किंवा कूलंट कमी पडतोय. अशा डागांवरून भाव पाडायला हरकत नाही, मशीन नाकारायचं कारण नाही.

तासाभराने, मशीन तापल्यावर, दुसरा रॉड त्याच डायल सेटिंगवर घासा. पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक म्हणजे मशीन तापल्यावर किती सरकतं याचं उत्तर. काही विक्रेते ‘गिऱ्हाईक येतंय’ म्हणून सकाळपासून मशीन तापवून ठेवतात. थंड मशीन बघायचंय असं आधीच सांगून ठेवा.

दोन छोट्या चाचण्या अजून. डायल गेज व्हीलहेडला लावा आणि फीडचं चाक एकेक भाग फिरवा. डायल बरोबरीने हलायला हवं. तीन भाग काहीच नाही आणि चौथ्याला एकदम उडी, असं होत असेल तर साइज पकडताना ऑपरेटर रडकुंडीला येईल. आणि टेबल अगदी हळू चालवून बघा. वेगात प्रत्येक टेबल छान धावतं. सावकाश चालताना अडखळत, धक्के देत गेलं तर हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा घसरपट्टीला तेल नाही. ड्रेसिंग याच सावकाश वेगाने करतात, म्हणून तो धक्का व्हीलवर आणि तिथून जॉबवर उतरतो.

मशीन चालू करून दाखवता येत नाही, ‘लाइट नाहीये’, ‘मोटर काढून ठेवलीय’ असं उत्तर आलं तर परत या. चाचणीशिवाय ग्राइंडरची किंमत भंगाराच्या भावाच्या आसपास धरायची. नवाकोरा रंग बघूनही हुरळू नका. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण रीकंडिशन केलेल्या मशीनला अनेकदा लागू पडते. नुसता रंग आणि बेडचं स्क्रॅपिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रॅपिंग केलं असेल तर पट्ट्यांवर ताज्या खुणा दिसतात आणि करणारा माणूस ते अभिमानाने दाखवतो.

काय दुरुस्त होतं, काय नाही

गळणारे पाइप, सील, बेल्ट, कूलंट पंप, मोटर, जुनं वायरिंग, झिजलेली सेंटर हे सगळं स्थानिक बाजारात सुटतं. यावर घासाघीस करा. बेड, व्हीलहेडची घसरपट्टी आणि तेलावरचा स्पिंडल यांची दुरुस्ती कधीकधी मशीनच्या किमतीला भिडते.

यांच्या मध्ये येतात ॲक्सेसरीज. व्हील ज्या फ्लँजवर बसतं, ती त्या मशीनच्या टेपरला जुळणारी असते, सरसकट बाजारात मिळत नाही. एकच फ्लँज असेल तर प्रत्येक वेळी व्हील बदलताना पुन्हा बॅलन्सिंग आलं. दोन-तीन हव्यात. बॅलन्सिंगचा मँड्रेल, डायमंड होल्डर, लांब जॉबचा स्टेडी, कॅरिअर, आतून घासायचा स्पिंडल आणि त्याचे बेल्ट, व्हील गार्ड आणि मॅन्युअल: हे सगळं बिलात नावानिशी लिहून घ्या. ‘गोडाऊनमध्ये आहे, नंतर पाठवतो’ वर विश्वास ठेवू नका. विक्रेता जीएसटीत नोंदलेला असेल तर पक्कं बिल घ्या, नाहीतर क्रेडिटचा हक्क जातो.

व्हीलच्या बाबतीत निष्काळजीपणा नको

४०० मिलिमीटरचं व्हील मिनिटाला १,६०० फेरे घेतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३३ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटर असतो. ते फुटलं तर तुकडे त्याच वेगाने बाहेर पडतात. म्हणून जुन्या मशीनसोबत ‘फुकट’ मिळालेली व्हील वापरण्याआधी शंभरदा विचार करा. कोरडं व्हील बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोका. स्वच्छ टण्ण आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, फेकून द्या. लेबलवरचा कमाल वेग वाचता येत नसेल तरीही फेकून द्या. स्पिंडलची पुली कुणी बदलून वेग वाढवलेला नाही ना, हे प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. नवं व्हील लावल्यावर गार्ड बंद करून, बाजूला उभं राहून, ते किमान एक मिनिट रिकामं फिरवतात.

घरी आणताना

मध्यम आकाराचं मशीनही काही टनांचं असतं, त्यामुळे हायड्रा लागतो. टेबल आणि व्हीलहेड लॉक केल्याशिवाय, तेल आणि कूलंट काढल्याशिवाय उचलू देऊ नका. पट्टा टेबलाखालून किंवा स्पिंडलला घालून उचललं तर तासाभरापूर्वी पास झालेलं मशीन टेम्पोत चढेपर्यंत नापास झालेलं असतं. बेडच्या उचलायच्या जागा मॅन्युअलमध्ये दिलेल्या असतात.

जागा निवडताना पॉवर प्रेस, हॅमर आणि कॉम्प्रेसरपासून लांब, आणि दुपारचं ऊन येणाऱ्या शटरपासूनही लांब. थ्री-फेज जोडणीनंतर मोटरची दिशा तपासा, पण तेलाचा पंप आधी. तेलावरचा स्पिंडल उलटा किंवा कोरडा फिरवायचा नाही. मीटरमागे ०.०२ मिलिमीटर दाखवणाऱ्या स्पिरिट लेव्हलने बेड लेव्हल करा आणि तोच ३०० मिलिमीटरचा रॉड पुन्हा घासून विक्रेत्याकडे घेतलेल्या मापांशी जुळवा. नव्या जागेवर मशीन काही दिवस बसतं, त्यामुळे आठवडाभराने आणि महिन्याने लेव्हल पुन्हा बघावी लागते.